पाच नंबरचं मशीन

मी लॅपटॉप बोलतोय. साधासुधा नव्हे बरं, खास खेळांसाठी घडवलेला! माझ्या पोटात दोन पंखे आहेत आणि कळांखाली लाल दिवे. दुकानात माझ्या शेजारी ऑफिसकामाचे सडपातळ लॅपटॉप मांडले होते, त्यांच्याकडे मी ढुंकूनही पाहत नसे. गर्व होता मला. तो पुढे चांगलाच उतरला.

मला घेतलं तिरुपूरच्या कयलविळीनं. या गावात घरोघरी बनियन आणि टी-शर्टचा धंदा. तिचे अप्पा, नाचिमुत्तू, कापड विणण्याची चार गोल मशीन चालवतात. खाली मशीनची शेड, वर घर. कयल एका निर्यातवाल्याकडे कपड्यांची डिझाइन करते, त्या पगारातून तिनं मला आणलं. तिच्या अम्मानं माझ्या झाकणावर विभूतीची, म्हणजे भस्माची, तीन बोटं ओढली. अप्पांनी मात्र एका नजरेत माझा निकाल लावला.

"ठो ठो गोळ्या मारायला हे खेळणं? यापेक्षा शिलाईचं मशीन आणलं असतंस तर चार बनियन तरी निघाले असते."

त्यानंतर ते माझ्याकडे फिरकले नाहीत.

संध्याकाळी काम आटोपलं की कयल कानाला हेडफोन लावायची. पाच जणींचा संघ, ती कप्तान. बाकीच्या चौघी ईरोड, सेलम, करूरला, एकमेकींना आवाजावरूनच ओळखणाऱ्या. राज्याच्या स्पर्धेत त्या एकेक फेरी जिंकत गेल्या. कयलचं बोट कळेवर पडायचा अवकाश, मी तयार! मला वाटायचं, ही पोरगी माझ्यासाठीच जन्मली आहे.

आणि दहाव्या महिन्यात मला ताप येऊ लागला. ऐंशी अंश, नव्वद, शहाण्णव. पंखे जीव तोडून फिरायचे, पण वारा काही लागेना. उपांत्य सामन्यात ऐन मोक्याला मी डोळे मिटले. चौघींनी कसाबसा सामना खेचून आणला.

मी पुन्हा सुरू झालो तेव्हा ईरोडची मेगला ओरडत होती, "कॅप्टन, आहेस की गेलीस देवाघरी?"

अंतिम सामना रविवारी होता. बुधवारी कयल मला घेऊन कोइमतूरच्या दुरुस्ती केंद्रात गेली. काउंटरवरच्या माणसानं मान वर न करताच सांगितलं, "वॉरंटीत आहे, ठेवून जा. वीस दिवस लागतील. आतलं सगळं पुसलं जाईल. आणि बाहेर कुणाकडून उघडलंत, हे सील फाटलं, की वॉरंटी विसरा."

इकडे आड, तिकडे विहीर. मला तिथं सोडलं तर अंतिम सामना गेला, कारण हा खेळ पेलेल असा दुसरा लॅपटॉप तिच्या ओळखीत कुणाकडे नव्हता. न सोडावं तर मी भर सामन्यात मान टाकणार, आणि पाच जणींचं वर्ष पाण्यात. ती मला परत घेऊन आली. रात्रभर तिची तळमळ चालली होती.

गुरुवारी दुपारी तिनं माझं खोकं काढलं. मेगलाला फोन करून म्हणाली, "लॅपटॉप दुरुस्तीला देऊन टाकते गं. तुम्ही चौघी खेळा."

मेगला म्हणाली, "कप्तानाशिवाय जाऊन हरायचं, तर तुझ्यासोबतच हरू की."

कयलचं एक टिपूस माझ्या कळांवर पडलं. मला इतकी शरम कधी वाटली नव्हती.

पाठवण्याआधी डिझाइन उतरवून घ्यावीत म्हणून तिनं मला सुरू केलं. माझे पंखे किंचाळू लागले. अप्पा तेव्हा आमटी-भात जेवत होते. चाळीस वर्षं मशीनच्या खडखडाटात राहून त्यांना कमी ऐकू येतं. अम्मा म्हणते, "यांना रसम वाढू का विचारलं तर ऐकू येत नाही, पण खाली सुई मोडली तर कळते!"

अप्पा घास तसाच टाकून उठले. हात धुतले, गुडघे टेकले आणि माझ्या कुशीला कान लावला.

"याला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "श्वास कोंडलाय याचा. खाली इतकं सूत उडतं, ते याच्या नाकात गेलंय. मी दर तासाला मशीनवर हवा मारतो, याला कुणी मारली?"

कयलनं कपाळावर हात मारला. या गावात जन्मलेली पोरगी! शेडमधली सुताची लव तिच्या केसांत, अंथरुणात, इडलीच्या पिठात, आणि माझ्या पोटाचा विचार मात्र कुणाच्याच डोक्यात नाही.

"पण सील, अप्पा? पंखा मोडला तर वॉरंटीही गेली आणि सामनाही."

"उघडायचं कशाला? दवाखान्यात धाडण्याआधी नाक तरी पुसा त्याचं. पण मशीन तुझं आहे, कण्णू, माझ्या बाळा. तू म्हणशील तसं."

कयलनं माझ्याकडे पाहिलं. मग खोकं पायानं बाजूला सारलं. "चला खाली."

अप्पांनी आधी मला बंद करायला लावलं, कॉम्प्रेसरच्या नळीत साचलेलं पाणी काढून टाकलं, जोर कमी केला, वारा स्वतःच्या तळहातावर घेऊन पाहिला. पंखे गरगरू नयेत म्हणून पोटाच्या जाळीतून खराट्याच्या काड्या घालून ते अडवायला सांगितलं. कयलनं काड्या धरल्या. मग गरम वारा जिथून बाहेर पडतो, तिथून त्यांनी उलटी हवा मारली.

फस्स! पोटाखालून लवेचे गोळे बाहेर पडले. लाल, पिवळे, निळे. अप्पा ते बोटांवर घेऊन बघत राहिले.

"हा लाल नाताळच्या ऑर्डरचा. हा पिवळा पोंगलनंतरचा, त्या पट्ट्यांच्या कापडाचा. माझं वर्षभराचं काम गिळून बसलाय लबाड!" ते हसले, आणि हसता हसताच म्हणाले, "माझ्याच कचऱ्यानं तुझा खेळ अडवला होता की गं."

रविवारी दुपारी तीनला सामना सुरू झाला. मी बहात्तर अंशांवर, ताजातवाना! या खेळात शत्रूची पावलं ऐकू यावी लागतात, आणि खालच्या खडखडाटात कयलला ती नेहमीच अर्धी ऐकू यायची. जेवताना ती तसं बोललीही होती. बरोबरी झाली. शेवटचा डाव. एवढ्यात खालची मशीन एकामागून एक थांबली. चारही.

"अहो, मशीन बंद ठेवायला आज काय आयुधपूजा आहे?" अम्मानं विचारलं.

"गप. ती पावलं ऐकतेय," जिना चढून आलेले अप्पा म्हणाले.

कयलनं ऐकली. डावीकडे, भिंतीमागे, दोघं. तिचं बोट पडलं, मी क्षणभरही अडखळलो नाही, आणि हेडफोनमधून चौघींचा असा कल्ला उठला की अप्पांनासुद्धा ऐकू आला! जिंकलो होतो आम्ही. अम्मा रडत होती, कयल खुर्चीवर उभी राहून नाचत होती.

माझी वॉरंटी गेल्या महिन्यात संपली. सील शाबूत आहे. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद तापत असेल, तर त्याला खोक्यात घालण्याआधी त्याच्या नाकाकडे बघा. तरीही बरा झाला नाही, तर खुशाल पाठवा.

शेडमध्ये एक फळा आहे. त्यावर मशीनचे नंबर, आणि दर शनिवारी सफाई झाली की पुढे खूण. परवा सूत घेऊन आलेला माणूस तो वाचून म्हणाला, "नाचिमुत्तूअण्णा, पाचवं मशीन कधी घेतलंत? दिसत नाही कुठं."

"वर आहे," अप्पा म्हणाले. "आमची कयल चालवते. राज्यात पहिला नंबर आहे त्याचा."