जोतीरामाची मिशी मी दोनदा काढली

मित्रांनो, जवळ या, भिऊ नका. मी एक जुना वस्तरा हाय. धार हाय मला, पण तुमच्या हनुवटीवर कापण्यासारखं अजून काय उगवलेलं न्हाय, तवा निवांत बसा.

माझा जन्म कोल्हापुरातला, महाराजांच्या राज्यातला. एका शिकलगारानं मला भट्टीत तापवला, ठोकला, घासला. कशापासनं? एका सरदाराच्या मोडक्या तलवारीच्या टोकापासनं, बरं का! ही गोष्ट मी न्हाव्याच्या धोपटीतल्या, म्हंजी पिशवीतल्या, कातरीला इतक्यांदा सांगितली की ती मला ‘सरकार’ म्हणायला लागली. नखं काढायची नराणी तेवढी गालात हसायची.

मला घेतला गैबीचाचानं. चाचा म्हंजी तालमीच्या दारात, चिंचेखाली बसणारा न्हावी. पैलवानांची डोकी भादरायची हे आमचं काम. रोज सकाळी चाचा मला चामड्याच्या पट्ट्यावर वीसदा वर, वीसदा खाली फिरवायचा आणि स्वतःच्या मनगटावरचा एक केस उडवून बघायचा. त्या मनगटावर केस म्हणून उरला न्हवता. पैलवान म्हणायचे, “चाचा, तुमचा वस्तरा फिरला तर झोपलेलं माणूस जागं व्हायचं न्हाय.” मी फुगायचो. तलवारीचं रक्त न्हवं का!

त्या काळात वयाचा दाखला कुठला? कुणी म्हणायचं, मी पटकीच्या साली जन्मलो. कुणी म्हणायचं, आमची तांबडी म्हैस व्याली त्याच्या दुसऱ्या दिशी. आता म्हशीला कोण विचारणार? म्हणून तालमीत एक रीत हुती. पोरांच्या कुस्तीत उतरायचं तर हंबीरराव वस्ताद वरच्या ओठावर अंगठा फिरवून बघायचे. लव लागली तर पोरगा. मिशी लागली तर बाप्या, चल बाजूला. आणि त्या कुस्त्यांत जो जिंकंल त्याला तालमीत जागा, रोजचं दूध, तूप, बदाम.

दुसरी रीत तुम्हास्नी ठाऊकच हाय. बा जिता असताना मिशी काढायची न्हाय. गैबीचाचा मुसलमान, पण ह्या बाबतीत लई कडक. गिऱ्हाइकानं मिशीला हात लावला की पहिला सवाल त्योच.

कुस्त्यांच्या आदल्या दिशी मलकापूरचा जोतीराम चाचासमोर येऊन बसला. खांदे बैलागत, मिशी काळीभोर.

“चाचा, डोकं करा. आन् मिशीबी काढा.”

चाचाचा हात थांबला. “बा हाय न्हवं तुझा?”

जोतीरामानं खाली बघितलं. “वारला. महिना झाला. मी गाडी घेऊन रत्नांग्रीकडं गेलतो, उशिरा कळालं.”

मी तवा त्याच्या गळ्याजवळ हुतो. खोटं बोलणाऱ्याचा गळा कसा हलतो, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण वस्तऱ्याला बोलता येत न्हाय. चाचाचे डोळे मात्र भरले. त्यानं कोमट पाणी घेतलं, मिशी अशी हळू उतरवली की जशी तान्ह्या लेकराची टोपी काढावी. वर म्हणाला, “उद्या कुस्ती मारून तालमीत जागा मिळीव. बा नसला तर हा चाचा हाय की.”

बिचारा जोतीराम! त्याला ती माया मिशीपेक्षा जड झाली असणार.

दुसऱ्या दिशी दुपारी आखाडा भरला. आम्हीबी गेलतो. चाचा कडंला बसला हुता, मी त्याच्या कमरेच्या धोपटीत. जोतीराम लांग कसून पोरांच्या रांगेत उभा राहिला. रांगेत कोंबडीची पिल्लं आणि मधी हा टर्की कोंबडा! हंबीरराव वस्तादांनी त्याच्या ओठावर अंगठा फिरवला आणि काटा टोचल्यागत मागं घेतला.

“हे काय रं? ही लव न्हाय, ही सोललेली मिशी हाय! वय किती?”

“अठरा.”

“मग मिशी का काढलीस?”

“लवच हुती, वस्ताद. बा वारला म्हणून काढली.”

“कुस्तीच्या आदल्या दिशी लई जणांचे बा मरत्यात,” वस्ताद म्हणाले. लोक हसले. जोतीराम हसला न्हाय. त्याचा चेहरा बघून वस्तादबी जरा नरमले. बा खरंच गेला असंल तर पोराला अडवणं पाप. त्यांनी गर्दीकडं वळून हाळी दिली, “मलकापूरचं कुणी हाय का हितं?”

“हे पावणं हायत की!” कुणीतरी म्हणालं.

गर्दीतनं एक म्हातारा काठी टेकत उठला. एक पाय वाकडा. खांद्यावर भाकरीचं गठुळं. त्याला बघितलं आणि जोतीरामाचं अंग जाग्यावर थिजलं.

कारण मित्रांनो, त्यो गणपतराव हुता. जोतीरामाचा बा! लेकाची कुस्ती बघायला, लेकाला न सांगता, कुणाच्यातरी गाडीत बसून आलता. आणि स्वतःच्या मरणाची बातमी स्वतःच्या कानानं ऐकून बसलाता.

वस्तादांनी विचारलं, “पावणं, ह्याचा बा गेला म्हणतोय ह्यो. खरं काय?”

म्हाताऱ्यानं लेकाकडं बघितलं. त्या कोऱ्या ओठाकडं बघितलं. मग रांगेतल्या पोरांकडं बघितलं. त्याला समदं कळालं.

“व्हय,” त्यो म्हणाला. “गेला बिचारा. मी त्याला लई जवळनं वळखत हुतो. मानूस वंगाळ न्हवता.”

“तुम्ही कोण त्याचे?”

“मी? मी कोण न्हाय. गावचा एक गाडीवान.”

मी आजवर लई धारा बघितल्या, पण त्या ‘मी कोण न्हाय’ची धार मला कधी आली न्हाय.

वस्तादांनी मान डोलावली. “ठीक हाय. उतर मातीत.”

जागा मिळाल्यातच जमा हुती. समोरचा पोरगा तर अर्ध्या वजनाचा. पण जोतीराम मातीत उतरला न्हाय. त्यो म्हाताऱ्याच्या पायाशी बसला आणि लहान पोरागत रडला.

“ह्यो माझा बा हाय, वस्ताद! जिता हाय! मी खोटं बोललो. माझा जन्म मोठ्या दुष्काळातला.”

लोकांनी बोटांवर वर्षं मोजली. दुष्काळाला पंचवीस वर्षं झाली हुती.

“सात वर्षं चोरलीस की रं!” कुणीतरी वरडलं.

“चोरली न्हाईत,” जोतीराम म्हणाला. “आंबा घाटात बाचा पाय गाडीच्या चाकाखाली गेला. तवापासनं सात वर्षं मी गाडी हाकली. त्या सात वर्षांत एक दिस तालीम केली न्हाय. जी वर्षं मला मिळालीच न्हाईत, ती मी मोजली न्हाईत.”

तवा गणपतराव काठीवर जोर देऊन म्हणाला, “वस्ताद, त्याची सात वर्षं मी खाल्ली. ती माझ्या वयात धरा. मी म्हातारा हाय, मला काय फरक पडतोय?”

वस्तादांनी लई येळ मिशी पिळली. मग म्हणाले, “वर्षं अशी इकडची तिकडं करता येत न्हाईत, पावणं. पोरांत ह्याला जागा न्हाय. दूध-तूप न्हाय.” आणि जोतीरामाकडं वळून, “मिशी वाढीव. मग ये मोठ्यांत. तितं खुराक मिळायचा न्हाय, नुसता मार मिळंल. येशील?”

“येतो की.”

गैबीचाचा मात्र फणफणला. “माझ्याकडनं जित्या माणसाचं सुतक करून घेतलंस, गाढवा! आता तुझा बा खरंच जाईल तवापर्यंत मिशीला वस्तरा लावणार न्हाय!” मग गणपतरावाला म्हणाला, “बसा पावणं. मेल्यावर भूक लागली असंल.” दोघांनी मिळून गठुळ्यातली भाकरी खाल्ली.

जोतीराम आला. मार खाल्ला. बक्कळ खाल्ला. नामांकित पैलवान काय झाला न्हाय. पण शाहूवाडीकडच्या एका जत्रंत त्यानं एक कुस्ती मारली आणि मिळालेला पटका तिथल्या तिथं बाच्या डोक्याला बांधला. चाचा ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. जोतीरामाची मिशी आता कातर कोरायची. आणि मला? मला कुणी इचारलंबी न्हाय!

मग वर्षं गेली. चाचाचा हात कापायला लागला. धोपटी खुंटीला लागली. मी कोनाड्यात पडलो. पावसाळ्याची वल आली, अंगावर तांबेरा चढला. चाचाची नात मेहमुदा मला घेऊन बोरू तासायची. सरदाराच्या तलवारीनं बोरू! नराणी खो खो हसली.

एका सकाळी दारात जोतीराम उभा राहिला. मिशीत पांढरे केस. चाचानं वळखलं आणि जुना सवाल इचारला, “बा हाय न्हवं तुझा?”

जोतीरामानं नकाराची मान हलवली. चाचा आत वळला. मेहमुदाला म्हणाला, “त्यो वस्तरा आण.”

त्यानं माझा तांबेरा राखेनं घासला. वीसदा वर, वीसदा खाली. कापता हात ओठाला टेकला आणि, मित्रांनो, थिर झाला. मी गळ्याजवळ हुतो. ह्या खेपेला गळा खोटं बोलत न्हवता.

आता माझं एक ऐका. वस्तऱ्याला वल लागू देऊ नका, पुसून, तेल लावून ठेवा. आणि जी वर्षं आपल्या माणसासाठी घातली, ती वयातनं वजा करू नका. अभिमानानं मोजा. लोक हसतील, हसू द्या.

आणि हो, मघाशी मी एक खोटं बोललो. तलवार-बिलवार काय न्हाय. मी एका मोडक्या कानशीचा तुकडा हाय. लोखंड घासून घासून झिजली, मग फेकून दिलेली कानस. नराणीला सांगू नका म्हणणार हुतो, पण तिला पहिल्यापासनं ठाऊक हाय.