मंगळवारची रात्र

चौकशीच्या साहेबांचं पत्र आलं, पावसाळा सरला, थंडी पडली, तरी आप्पांनी उत्तर धाडलं नव्हतं. पत्रात फार काही नव्हतं. टेकडीपलीकडचा तलाव फुटला तेव्हा आपल्या घरच्या यंत्रावर पावसाची काय नोंद झाली ती कळवावी, एवढंच. कलमांच्या पट्ट्या ठेवायच्या डब्यात ते पत्र पडून होतं. पट्टी काढायला आप्पा डब्यात हात घालत तो सुद्धा आत विंचू असल्यासारखा.

आप्पा झाडांची कलमं बांधत. हात चालू असताना मांडीवर पुस्तक उघडं. चार माणसं जमली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. सून म्हणायची, "आमच्या आप्पांशी बोलायचं तर झाड व्हावं लागतं."

पण एका माणसाशी ते मोकळे बोलत. तो टेकडीपलीकडच्या तलावाचा राखणदार. आप्पांच्या अंगणात मुलानं पाठवलेलं विजेवरचं यंत्र होतं. खांबावर भिरभिरं, आणि घरात आकडे दाखवणारी पाटी. राखणदाराकडे नरसाळं लावलेली बरणी आणि खिळ्याला टांगलेला तापमापक. रोज सकाळी फोन व्हायचा. काल किती तापलं, किती गारठलं, किती पडला. वर्षातला सगळ्यात कडक दिवस कुणाच्या अंगणात झाला, यावर दोघं पोरांसारखे भांडत. आप्पांचा आकडा चढला की राखणदार विचारायचा, "चुलीत ठेवलं होतंस का रे यंत्र?" मग हसण्याचा गडगडाट. तो आप्पांना दिवसभर पुरायचा.

तो माणूस पाण्यात गेला. फुटला तलाव आणि पाणी सोडायच्या दाराजवळ उभा असलेला राखणदार त्याच्याबरोबर वाहून गेला. खालच्या शेतांतली काळी माती धुऊन निघाली, नुसते गोटे उरले. ज्यांची माती गेली त्यांना राग कुणावर तरी काढायचा होता. खाली गावात पाऊस काही एवढा नव्हता, तलाव आधीचाच तुडुंब होता, हा झोपला आणि दार उघडायचं राहिलं, असं ठरून गेलं.

आप्पा त्या वेळी लेकीकडे शहरात, सून माहेरी, घराला कुलूप. परत आल्यावर त्यांनी पाटीचं बटण दाबलं. मंगळवार कोरडा. सगळ्यात जोराचा पाऊस बुधवारी, दोन वाजता. तलाव तर मंगळवारी रात्री फुटला, पहाट व्हायच्या आत, असं लहानथोर सगळे सांगत होते. म्हणजे तो मोठा पाऊस आला दुसऱ्या दिवशी दुपारी. म्हणजे लोक म्हणतात ते खरं. आप्पांनी पुन्हा बटण दाबलं. आकडा हलला नाही. हे आपल्या हातानं लिहून पाठवायचं आणि मेलेल्या मित्राच्या कपाळी डाग लावायचा? आणि न पाठवावं, तर खोटेपणा. दोन्हींच्या मध्ये पत्र डब्यात राहिलं.

सवय मात्र सुटली नाही. एका सकाळी आप्पांच्या बोटांनी आपसूक तोच नंबर फिरवला. पलीकडे फोन उचलला गेला. कुणी बोललं नाही. नुसता श्वास, आणि मागे कुठेतरी बादलीत टपटपणारं पाणी. आप्पांनी सवयीनं कालचे आकडे वाचले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी भीत भीत पुन्हा लावला. पुन्हा उचलला गेला. मग हे रोजचंच झालं. आप्पा आकडे सांगत, पलीकडचं ऐकून घेई. सुनेला त्यांनी सांगितलं नाही. म्हातारा चळला म्हणाली असती, आणि तसं नसेलच अशी त्यांची स्वतःचीही खात्री नव्हती.

थंडीनं कहर केला त्या सकाळी आप्पांनी वर्षातला नीचांक वाचला, आणि पलीकडून, अगदी हळू, एक हुंदका आला. आप्पा चपला घालून निघाले.

टेकडी उतरल्यावर तलावाची जागा दिसली. तळ भेगाळलेला, मधोमध एक झाड उताणं. राखणदाराच्या घराचं दार नुसतं लोटलेलं. ओसरीच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेले आकडे होते, ओळीनं, वर्षानुवर्षांचे. एका बाजूला त्याचे, एका बाजूला आप्पांचे. आप्पा वाचत वाचत पुढे सरकले आणि त्यांनी ओसरीचा खांब धरला. आकडे थांबले नव्हते. तो गेला त्याच्यानंतरचेही होते, त्याच अक्षरात, तोच मोडका पाच. शेवटी आज सकाळी आप्पांनी फोनवर वाचलेला नीचांक.

"बसा भावजी," मागून वहिनी, राखणदाराची बायको, म्हणाल्या. "पडाल."

"हे अक्षर..."

"माझंच. पहिल्यापासून माझंच. ह्यांच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात बरणी. ओरडून सांगायचे, मी लिहायची." वहिनींनी पदरानं हात पुसला, काळा डाग पदराला लागला. "तुमचा फोन आला की उचलायची. मी बोलले असते तर तुम्ही फोन ठेवला असता. घरात दुसरं कुणी येत नाही आता."

आप्पांनी मान खाली घातली. मग धीर करून त्या आठवड्याचे आकडे शोधले. मंगळवार: बरणी तीनदा भरून वाहिली. बुधवार: नुसती भुरभुर.

"वहिनी, मंगळवारी माझं यंत्र कोरडं होतं. माझा मोठा पाऊस बुधवारचा, दोनचा."

"बुधवारी दुपारी मी काठाकाठानं ह्यांना शोधत होते. भुरभुरीत," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "मंगळवारी रात्री दोनला ढग फुटला. मी कंदील धरला होता. हे दार उघडायला गेले. दार उघडलंही होतं, पाणी आवाक्यात राहिलं नाही."

"मंगळवारी रात्री दोनला," आप्पा पुटपुटले.

"हो. झोपून उठलो नाही तोवर मंगळवारच की."

आप्पा तिथेच खाली बसले. माणसांची तारीख उजाडल्यावर बदलते, यंत्राची मध्यरात्री. पाटीवरचे दोन दुपारचे की रात्रीचे, हे पाटी सांगत नव्हती. इतकी पुस्तकं वाचली आणि एवढं ध्यानात आलं नाही. त्यांना आपली शरम वाटली. पण शरमेखाली बऱ्याच दिवसांत न लागलेलं काहीतरी लागलं, जमीन खणताना ओल लागावी तसं.

कागद वहिनींनीच आणला. आप्पांनी दोन्ही घरचे आकडे शेजारी शेजारी मांडले आणि खाली लिहिलं की यंत्रावरचा आणि बरणीतला पाऊस एकच आहे आणि तो तलाव फुटण्याआधीचा आहे.

"ते झोपले नव्हते, असं लिहा," वहिनी म्हणाल्या.

आप्पा अडखळले. "यंत्राला ते कळत नाही, वहिनी." मग लेखणी पुन्हा कागदाला टेकवून म्हणाले, "तुम्हाला कळतं. तुमच्या नावानं लिहितो."

त्यांनी ते लिहिलं आणि त्याखाली वहिनींनी सही केली. नंतर दोघं खालच्या गावात गेले. दुकानाच्या पायरीवर बसलेली माणसं त्यांच्याकडे वळून पाहू लागली. आप्पांची जीभ टाळ्याला चिकटली होती, तरी त्यांनी पाय थांबू दिले नाहीत. टपालपेटीशी आल्यावर लिफाफा वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी तो फटीतून आत सारला आणि आत पडल्याचा आवाज येईपर्यंत हात तिथून काढला नाही.