उलाळ

चुकीचं काही दिसलं की निशिकांत वर्तकांना गप्प बसवत नसे. सिंगापुरातल्या आंग मो किओच्या कारखान्यात बावीस वर्षं त्यांचं कामच ते होतं. यंत्राची थरथर मोजायची, आणि ती वाढत जाऊन यंत्र कधी स्वतःलाच खिळखिळं करील ते आधी सांगायचं. कारखान्यात या सवयीचा पगार मिळे. घरात मात्र तिच्यापायी माणसं दुरावत.

त्यांची एकुलती एक मुलगी वल्लरी सिंगापुरात वाढली, शिकायला पर्थला गेली आणि क्षितिजशी लग्न करून तिथेच राहिली. दोन वर्षांपूर्वी निशिकांत आणि अनघाबाई तिच्याकडे गेले होते. क्षितिजने छोट्या अनुयाला गाडीत बसवून पट्टा लावला. निशिकांतांनी तो सोडवून पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि तेही क्षितिजच्या मित्रांसमोर. जावई हसून बाजूला झाला. वल्लरी मात्र रात्रीच्या जेवणाला उठलीच नाही. "बाबा, तुझ्यासमोर माझ्या नवऱ्याला स्वतःच्या लेकीचा पट्टासुद्धा लावता येत नाही," एवढंच म्हणाली. त्यानंतर पाच महिने तिचा फोन नव्हता. अनघाबाईंनी मनधरणी करकरून तो धागा कसाबसा पुन्हा जोडला होता.

म्हणून ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी सकाळी, सिंगापुरातल्या आपल्या पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये व्हिडिओ कॉलची वाट बघताना, अनघाबाईंनी नवऱ्याला बजावलं.

"त्यांनी कॅराव्हॅन घेतलीये. जुनी आहे. आज दाखवणार आहेत. तुम्ही एक अक्षर बोलू नका."

"मी काय बोलतोय?"

"माझी शपथ आहे तुम्हाला."

फोन आला. वल्लरीने घरासमोरच्या रस्त्यावर उभी केलेली पांढरी कॅराव्हॅन दाखवली, गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घरच. आतला ओटा, दुमडता पलंग, अनुयाने खिडकीला चिकटवलेले कागदी मासे. पाच दिवस समुद्रकाठाने दक्षिणेला जायचं होतं. क्षितिज घामाघूम होऊन सामान भरत होता. त्याने मागच्या दांड्यांवर दोन सायकली चढवल्या. त्याखाली जनरेटर बांधला. पाण्याचे चार कॅन आणि डबाबंद खाण्याचं खोकं अगदी मागच्या पलंगाखाली सरकवलं. मग त्याने कॅराव्हॅन घरच्या गाडीला जोडली आणि अभिमानाने बाजूला झाला.

निशिकांतांना एका दृष्टिक्षेपात दिसलं. जोड लागल्यावर गाडीची मागची बाजू थोडी दबायला हवी होती. ती दबली नव्हती, उलट वर उचलल्यासारखी वाटत होती. सगळं वजन मागे गेलं होतं. जुन्नरजवळच्या त्यांच्या आजोळी अशा भरलेल्या बैलगाडीला 'उलाळ' म्हणत. उलाळ गाडीत जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्यातल्या पट्ट्या आवळतात, आणि शहाणा गाडीवान अर्धं पोतंही पुढे सरकवल्याशिवाय कासरा हातात घेत नाही. इथे तर बैलांच्या चालीने जायचं नव्हतं. मागे जड असलेली कॅराव्हॅन वेगात डावी-उजवीकडे झुलायला लागते, आणि एकदा झोल धरला की तो आपोआप थांबत नाही, वाढत जातो. थरथर वाढत जाणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

'जड सामान चाकांच्या वर घ्या, थोडं पुढे. जोडावर किती वजन येतंय ते मोजा. ऐंशीच्या वर जाऊ नका. झुलायला लागली तर ब्रेक नको, पाय काढा आणि स्टिअरिंग सरळ धरा.' सगळी वाक्यं दातांपर्यंत आली. टेबलाखाली अनघाबाईंचा हात त्यांच्या गुडघ्यावर होता.

"छान आहे," निशिकांत म्हणाले. "रंग चांगला आहे."

वल्लरी खळखळून हसली. "आई, बाबाला बरं नाहीये का? एकही सूचना नाही! शाब्बास, बाबा."

क्षितिजही हसला. किती सुटल्यासारखा हसला ते निशिकांतांना दिसलं. "बाबा, पुढच्या वेळी तुम्ही दोघं इकडे या," तो म्हणाला. "सगळेच जाऊ."

फोन ठेवल्यावर निशिकांतांनी क्षितिजला मेसेज लिहायला घेतला. अनघाबाईंनी खांद्यावरून वाचलं.

"लिहिणं म्हणजे बोलणंच. आत्ता कुठे ती हसलीये हो."

त्यांनी लिहिलेलं पुसून टाकलं. दहातल्या नऊ वेळा काही होत नाही, असं मनाला समजावलं. कारखान्यातल्या नव्या पोरांना ते नेहमी सांगत, दहाव्या वेळेसाठीच आपल्याला ठेवलंय. ते वाक्य त्यांना त्या क्षणीही आठवलं होतं. मग दोघं खाली हॉकर सेंटरच्या स्टॉलवर कोपी, म्हणजे तिथली कॉफी, प्यायला गेले.

रविवारी साडेअकराला वल्लरीच्या एका शेजारणीचा फोन आला.

सकाळी पेट्रोल भरल्यावर क्षितिजने गाडी वल्लरीच्या हातात दिली होती. लांबलचक उतार होता. एक मोठा ट्रक शेजारून भर्रकन पुढे गेला, त्याच्या वाऱ्याने कॅराव्हॅन झुलली. आधी थोडी, मग जास्त. वल्लरीने घाबरून ब्रेक दाबला. कॅराव्हॅनने गाडीला आडवं फिरवलं आणि क्षितिजच्या बाजूने झाडावर नेऊन आदळलं. तो जागीच गेला. वल्लरीचं गळ्याजवळचं आणि कमरेचं हाड मोडलं. अनुयाला खरचटलंसुद्धा नव्हतं. तिचा पट्टा क्षितिजनेच लावला होता.

जानेवारीत निशिकांत आणि अनघाबाई तिला आणि अनुयाला पासिर रिसला घेऊन आले. वल्लरी काठी टेकत चाले. बोले अगदी जेवढ्यास तेवढं. टॅक्सीत बसायची वेळ आली की घामाने भिजे, म्हणून सगळीकडे एमआरटीने, तिथल्या मेट्रोने, जाई. नाशिकहून क्षितिजच्या आईचा एकदाच फोन आला. त्यांनी ना रागावून विचारलं ना रडून. "गाडी तूच चालवत होतीस ना?" एवढंच. वल्लरी "हो" म्हणाली, आणि पलीकडून फोन बंद झाला.

फेब्रुवारीत तिकडच्या तपासाचा अहवाल ईमेलने आला. त्यात कॅराव्हॅन झुलू लागल्याचं लिहिलं होतं, आणि पुढे एक वाक्य होतं: चालकाने जोरात ब्रेक लावल्यानंतर नियंत्रण सुटले. कॅराव्हॅनचा चुराडा झाला होता आणि सामान रस्ताभर विखुरलं होतं. ते आत कुठे होतं हे कोणालाच कळायला मार्ग नव्हता. वल्लरी ते वाक्य दिवसातून कितीदा वाचे याला गणती नव्हती. जेवताना फोन ताटाशेजारी असे आणि त्यावर तेच पान.

"मी पाय नुसता काढला असता तर," ती एकदा आईला म्हणाली. "नुसता काढायचा होता. मी त्याला मारलं, आई."

निशिकांत ते आतल्या खोलीत ऐकत होते. त्या आधी कित्येक रात्री त्यांनी मनाशी हिशेब मांडला होता. तसं भरलेलं असताना, नव्वदच्या वेगाला, स्टिअरिंगवर कोणीही बसलं असतं तरी झोल आलाच असता. क्षितिज असता तरी. वल्लरीच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरवील अशी गोष्ट फक्त त्यांच्यापाशी होती, आणि ती दडवून ठेवणं हे आता दुसरं पाप झालं असतं.

दुसऱ्या दिवशी अनुया बालवाडीत गेल्यावर ते वल्लरीसमोर येऊन बसले.

"वल्ली, ब्रेकमुळे नाही झालं ते. म्हणजे, नुसतं ब्रेकमुळे नाही. वजन मागे होतं. सायकली, जनरेटर, पाणी. गाडी निघाली तेव्हाच ती चुकीची भरलेली होती. ती झुलणारच होती."

वल्लरीने मान वर केली. कित्येक आठवड्यांत तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"क्षितिजने चुकीचं भरलं म्हणतोस. तो आता उत्तर द्यायला नाही म्हणून?"

"त्याचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं."

"तुला कसं माहीत कुठे काय होतं ते?"

"त्या दिवशी फोनवर बघितलं."

"आणि तुला तेव्हाच कळलं होतं? की नंतर?"

खोटं बोलायला अजून जागा होती. 'नंतर' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण हिशेब चुकीचा लिहायची सवय त्यांना नव्हती.

"तेव्हाच."

"आणि तू म्हणालास, रंग चांगला आहे."

ओट्यापाशी उभ्या असलेल्या अनघाबाई म्हणाल्या, "मी त्यांना शपथ घातली होती गं. ते मेसेजसुद्धा लिहीत होते. मीच पुसायला लावला."

वल्लरीने आईकडे बघितलं, मग पुन्हा बापाकडे. ती ओरडेल, काहीतरी फेकेल असं निशिकांतांना वाटलं. तसं झालं असतं तर त्यांना बरंही वाटलं असतं.

"आणि मी शाब्बास म्हणाले," ती हळूच म्हणाली. तिने फोन बंद केला, काठी उचलली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

ओझं उतरलं नाही. एकाचं होतं ते तिघांवर आलं, आणि तिचं पहिलं होतं तेवढंच राहिलं.

भांडण असं झालंच नाही. दहा-बारा दिवसांनी वल्लरीने सांगितलं की ती जुरोंग ईस्टला क्षिप्राकडे राहायला जातेय. क्षिप्रा तिची कॉलेजची मैत्रीण होती, तिच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी होती. पासिर रिस हे एमआरटीच्या हिरव्या लाइनचं एक टोक आणि जुरोंग ईस्ट पार पश्चिमेला. जाताना तिने सामान स्वतःच बांधलं. निशिकांत बॅग उचलायला पुढे झाले तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या, तुम्ही नका त्रास घेऊ." जन्मभर तिने त्यांना 'तू' म्हटलं होतं. ते दारातच थांबले.

रविवारी ती अनुयाला पासिर रिसच्या स्टेशनावर आणून सोडी, आणि संध्याकाळी न्यायला येई. गेटच्या अलीकडे येत नसे. अनुया पळत येई. बालवाडीत ती महिन्याभरात इथल्या मुलांसारखं बोलायला शिकली होती. आजोबांनी पाण्याची बाटली धरायला हात पुढे केला तर म्हणे, "नो नीड ला, आजोबा." एका रविवारी मॅक्रिचीच्या तळ्याकाठच्या रस्त्याने जाताना तिने विचारलं, "माझे मासे खिडकीवर आहेत का अजून?"

"माहीत नाही, बाळा," निशिकांत म्हणाले.

कारखान्यातही त्यांच्याकडून पूर्वीसारखं होईना. एखाद्या यंत्राच्या आलेखात शंका वाटली की ते बोलायला उठत, आणि मध्येच थांबत. आता काय बोलावं आणि काय नाही, हे त्यांना ओळखू येईनासं झालं होतं. मे महिन्यात साहेबांनी त्यांना बोलावून गोड शब्दांत लवकर निवृत्तीचं विचारलं. त्यांनी होकार दिला. घरी अनघाबाईंना सांगितलं तेव्हा त्या फक्त "बरं" म्हणाल्या. नवऱ्याला अडवायचं त्यांनी आता पूर्ण सोडलं होतं, पण त्याला बोलतं करायचंही त्यांच्याने होत नव्हतं.

जूनमध्ये वल्लरीचा मेसेज आला. तिला पर्थला जुन्याच ऑफिसात पुन्हा नोकरी मिळाली होती. शुक्रवारी दुपारचं विमान होतं. 'अनुयाला निरोप रविवारीच देऊन झालाय, विमानतळावर येऊ नका,' असं तिने स्पष्ट लिहिलं होतं.

चांगी विमानतळ पासिर रिसहून अगदी जवळ. शुक्रवारी बारा वाजता अनघाबाई चपला घालून दाराशी उभ्या राहिल्या.

"जायचं का?" त्यांनी विचारलं. "लांबून बघू. तिला कळणारही नाही."

निशिकांत खुर्चीत बसले होते. ते उठले नाहीत.  मग अनघाबाई चपला काढून आत गेल्या आणि त्यांनी दोघांपुरता कुकर लावला.