विहिरीवरची निळी बाई

मी एक जुनी छापील तसबीर आहे, जपानातल्या एदो शहरातल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, सुतारगल्लीची.

मित्रांनो, चित्रकाराने मला रेखाटले, कोरणाऱ्याने चेरीच्या लाकडात उलटे कोरले आणि छापणाऱ्याने ओलसर कागदावर एकेक रंग चोळून उतरवला. माझ्यात टोफूवाला आहे, उंबऱ्यावर पेंगणारे मांजर आहे आणि विहिरीवर डाव्या हाताने दोर ओढणारी एक बाई आहे. तिचा किमोनो रानफुलांच्या रसाने निळा केलेला. माझ्या शेकडो बहिणी निघाल्या. वाडगाभर शेवयांच्या किमतीत आम्ही विकल्या जात असू.

मला ओतोसे नावाच्या मुलीने घेतले. ती त्याच गल्लीतली आणि विहिरीवरची डावखुरी बाई म्हणजे तिची आई. पुढे मोठ्या आगीत गल्ली गेली, आईही गेली. ओतोसे मला पेटीत जपून ठेवी, कधीमधी काढून बघे.

ती म्हातारी झाली, गुडघे धरले. तिची सून ओफुजी मनाने फार चांगली. सासूबाईंना आई रोज दिसावी म्हणून तिने मला आपल्या माहेरून आणलेल्या, लाकडी चौकटीच्या घडीच्या रेशमी पडद्यावर खळीने चिकटवले आणि तो खिडकीसमोर उभा केला. येणारेजाणारे थांबून बघत. मी सुखावले. पण दोन उन्हाळ्यांत त्या बाईचा किमोनो राखेसारखा होऊ लागला.

"अगं ओफुजी, माझी आई विटत चाललीय! तिला उन्हात बसवलंस आणि मी म्हातारी मात्र सावलीत!"

"अगंबाई! मला कुठं ठाऊक? थांबा, आत्ता काढते."

खळ भिजवून मला सोडवायला ओफुजी ओले फडके घेऊन धावली. ओतोसे ओरडलीच, "पाणी नको! तो निळा पाण्यात विरघळतो. आई वाहून जाईल माझी!"

ओफुजीने फडके टाकले आणि सुरी आणली.

"वेडी का काय? तुझ्या माहेरचा पडदा तो!"

"माझं माहेर अजून जागेवर आहे, सासूबाई. तुमचं एवढंच उरलंय."

आणि तिने रेशमी पडदा माझ्याभोवती चौकोनी कापला.

आता मी पेटीत असते. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर पेट्यांतले कपडे हवेवर टाकायच्या दिवसांत, मला सावलीत उघडतात. निळा फिका आहे, पण आहे. मित्रांनो, आवडती वस्तू डोळ्यांसमोर असावी असे कुणालाही वाटते. पण तिला काय सोसते, हे आधी विचारत जा. आम्हाला बोलता येत नाही. जाणत्या माणसाला विचारा.