पाच तासांवरचा मुलगा

आमचा मुलगा राहतो ते शहर विमानाने पाच तासांवर आहे. नकाशावर दोरा लावून मी अंतर काढलं होतं, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. ग्रंथालयात हयात गेली, त्यामुळे प्रत्येक गोष्ट पुस्तकात बघायची खोड. "एकाच खंडात तर आहोत," असं मी हिला सांगायचो. त्यात तिला दिलासा मिळायचा की नुसती माहिती, मला कधीच कळलं नाही.

मुलगाही म्हणायचा, "आई, पाच तास! हाक मार, हजर."

शेजारणीची मुलगी अर्ध्या जगापलीकडे. दोनदा विमान बदलावं लागतं, पण दरवर्षी येते. आमचा चार वर्षांत फिरकला नव्हता.

"लांबच्याला ठरवून यावं लागतं," ही म्हणायची. "जवळच्याला काय, उद्याही येता येतं."

तरी आठवड्यातून दोनदा ती त्याची खोली झाडायची. मला वाटे, धुळीचा तिटकारा.

मग हिच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं. तिचं मागणं एकच होतं: भूल देण्याआधी त्याला डोळे भरून बघायचं. मी फोन केला. कुणाकडे काही मागणं मला जमत नाही. निम्मा वेळ हवापाण्यातच गेला.

"मंगळवारी ना? येतो की बाबा. पाच तासांचा तर प्रश्न."

सोमवारी हिने खोली झाडली, चादर बदलली, मग दवाखान्याची पिशवी भरली. संध्याकाळी दवाखान्यात त्याचा फोन आला. मी बाहेर जाऊन घेतला.

"बाबा, ऑफिसात नुसता गोंधळ आहे. ऑपरेशन होऊ दे, मग निवांत येतो. तसंही ती बेशुद्धच असणार ना?"

"बरं," मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

सकाळी तिला आत न्यायला आले. नर्सने तिचा चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"निघाला का?" हिने विचारलं.

"विमानात बसलाय. थेट आहे, पोचेलच."

"कुठवर आला असेल?"

"समुद्रावर." नकाशा पाठ होता.

ती चष्म्याविना माझ्याकडे बघत राहिली.

"अहो, थेट विमान सोमवारी आणि गुरुवारीच येतं. पहिल्याच वर्षी चौकशी केली होती मी. उगाच नाही त्या दोन वारी खोली झाडत. आज मंगळवार." मग हसली. "तुम्हाला खोटं बोलायलाही पुस्तक लागतं हो."

"आजोबा, बाजूला व्हा," कोणीतरी म्हणालं, आणि दार बंद झालं.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली, मुलाने फोनवर "बघा, मी म्हटलं नव्हतं?" म्हणून घेतलं.

घरी आल्यावर पहिलाच गुरुवार. ही खिडकीपाशी बसून होती. तिला झाडू हातात घ्यायची मनाई, म्हणून मीच घेतला आणि त्याच्या खोलीकडे वळलो.

"राहू द्या," ती म्हणाली. "धूळ काही कुठे जात नाही."