शारोची नखं

स्नेझानानं सासऱ्याला, म्हाताऱ्या मानोलला, बजावून सांगितलं होतं, रविवारपर्यंत कुत्र्याची नखं कापली नाहीत तर कुत्रा घरात दिसायला नको. तिचंही काही चुकत नव्हतं म्हणा. नव्या लाकडी फरशीवर ओरखडे उठले होते, आणि नखांची टकटक ऐकून खालची बाई झाडूच्या दांड्यानं छत बडवायची. पण मानोलनं काय करावं? बायको गेली, मेंढ्या विकल्या, डोंगरातल्या घराला कुलूप लागलं. मुलगा ट्रक घेऊन जर्मनीत. प्लोवदिव शहरातल्या या सातव्या मजल्यावर म्हाताऱ्याचं म्हणावं असं एक हा कुत्रा, शारोच होता.

सून म्हणाली होती, डॉक्टरकडे नेऊ. मानोल हसला. जन्मभर मेंढ्यांचे खूर कापलेला माणूस कुत्र्याच्या नखांसाठी डॉक्टर शोधणार होय!

रविवारी सून बाजारात गेली. मानोलनं गावाहून आणलेली खुरांची कात्री काढली आणि मेंढीला बसवतात तसं शारोला ढुंगणावर टेकवून त्याची पाठ आपल्या पोटाशी घेतली. शारो निमूट बसला. या हातांना त्यानं कधी नाही म्हटलंच नव्हतं.

खूर कापताना आत गुलाबी दिसलं की पुढे जिवंत मांस, तिथं थांबायचं, एवढं मानोलला पक्कं ठाऊक. पण शारोची नखं काळी कुळकुळीत. त्यानं टोक छाटलं, गुलाबी काही दिसेना. आणखी थोडं छाटलं, तरी काळंच. मग त्यानं कात्री चांगली आत घालून दाबली.

कुत्रा असा किंचाळला की म्हाताऱ्यानं कात्री टाकूनच दिली. रक्ताची धार लागली. बोटानं दाबलं, रुमाल बांधला, थांबेना. त्यांच्या डोंगरात पोट दुखो की गुडघा फुटो, औषध एकच. मानोलनं राकियाची बाटली उघडली आणि ती जळजळीत दारू उघड्या जखमेवर ओतली. झालं! शारो त्याच्या हाताला कडकडून चावला आणि टेबलाखाली जाऊन गुरगुरत बसला.

स्नेझाना आली तेव्हा सासरा गुडघ्यांवर बसून स्वतःच्या सदऱ्यानं फरशी पुसत होता. "धाडू नकोस गं त्याला," तो म्हणाला. "पाया पडतो तुझ्या."

तिनं पिशवी ठेवली, पिठाचा डबा आणला आणि ती खाली बसली. शारो लंगडत बाहेर आला आणि त्यानं पंजा तिच्या हातात दिला. पिठात दाबून धरल्यावर रक्त थांबलं.

"राहू दे त्याला, बाबा," ती म्हणाली. "फरशीचं बघू काहीतरी."

मानोलला रडूच फुटलं. त्यानं हात पुढे केला, "ये रे माझ्या राजा." शारोनं दात विचकले आणि तो सुनेच्या पाठीमागे सरकला. मानोलनं पुन्हा हाक मारली, पुन्हा तेच. हात तसाच पुढे धरून म्हातारा सुनेकडे बघत राहिला.

"पोरी, तू सांग ना त्याला," तो म्हणाला. "मी मुद्दाम नाही केलं म्हणून सांग."