पायवाटेची तालीम

“पायाखाली काय?” काकांनी विचारलं.

“खडी.”

“मग?”

“मग डावीकडे. पुढे विटा, विटा संपल्या की नळ. आज तो तिथेच आहे, की त्यालाही हलवलंत?”

काकूंचा टोमणा रास्त होता. पडदेकाकांची सगळी हयात नाटकांचं नेपथ्य लावण्यात गेली होती. दर अंकाला घर बदलायची सवय निवृत्तीनंतरही हातातून जात नव्हती. खुर्ची दोन दिवस एका जागी राहिली की त्यांना चैन पडत नसे.

उन्हाळा लागला आणि काकूंच्या डोळ्यांतला उरलासुरला उजेडही गेला. डॉक्टरांनी हात टेकले. मुलीला मात्र दोघांनी ‘जरा धूसर दिसतं’ एवढंच सांगितलं होतं. तिने सातव्या मजल्यावरच्या आपल्या घरात यांच्यासाठी खोली रंगवून तयार ठेवली होती. उन्हाळा संपता संपता ती येणार, दिवसभर राहून बघणार आणि मग ठरवणार, की या दोघांना एकटं ठेवायचं की नाही.

“तिथलं मला काही पाठ नाही हो,” काकू म्हणाल्या होत्या. “दिवसभर भिंती चाचपत बसू का?”

म्हणून काकांनी परसदार हाती घेतलं. अंधारात नटांचा पाय चुकू नये म्हणून ते रंगमंचावर खुणा करत, तशाच इथे केल्या. मागच्या दारापासून खडी, वळणाला विटा, थांबायचं तिथे काथ्याचं पायपुसणं. रोज सकाळी अनवाणी तालीम. मुलीला नुसत्या पायवाटेचा संशय येऊ नये म्हणून बाकीचं परसही सुधारायचं ठरलं, आणि तिथेच घोळ झाला.

हिरवळीचं बी पेरलं ते चिमण्यांनी फस्त केलं. वर त्या रोज सकाळी येऊन उरलेल्याची चौकशी करू लागल्या. कारंजं सुरू झालं ते थेट शेजाऱ्यांच्या खिडकीत, त्यांच्या इस्त्रीच्या कपड्यांवर. बसायला बाक केला, पण तो शेडच्या दारातून बाहेर निघेना. काकांनी बाकाला हात लावला नाही, शेड मोडली. शेवटी बांबूचा हलका मांडव उभारून त्यावर कुंडीतला वेल चढवला. वेलाने पानं दिली, फूल एक दिलं नाही. तेव्हा काकूंनी नाटकाच्या जुन्या कपड्यांतून बोटांनी चाचपत फुलं शिवली आणि काकांनी ती तारेने बांधली.

मुलगी रविवारी सकाळीच आली. पर्स खाली ठेवायच्या आत तिने गॅसची बटणं, जिना, आईची चप्पल सगळं नजरेखालून घातलं. काका हसत होते आणि शर्ट पाठीला चिकटत होता.

परसात येताच काकूंनी ठरल्याप्रमाणे उजवीकडे हात केला. “बघ, मांडव कसा फुललाय.”

उजवीकडे नुसती भिंत होती.

मांडव मुलीला दारातूनच दिसावा म्हणून काकांनी पहाटे उठून तो कुंडीसकट डावीकडे नेऊन नुसत्या टेकूवर उभा केला होता. काकूंना सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. मुलीने भिंतीकडे पाहिलं, मग आईच्या बोटाकडे.

“छान फुललाय,” ती म्हणाली.

काकू खूश होऊन सरबत आणायला आत गेल्या. काकांना बायकोच्या मागे जावंसं वाटत होतं, पण ते मांडवाखालीच उभे राहिले. ऊन चढलं होतं. मुलीने लोखंडी खुर्ची फरफटत सावलीत ओढली, मांडली आणि ती फोन आणायला बाकापर्यंत गेली. खुर्ची बरोब्बर विटांच्या मधोमध होती.

तेवढ्यात काकू ट्रे घेऊन दारातून बाहेर पडल्या. खडी वाजू लागली. काकांनी ओरडावं तर सगळं उघडं पडणार. आणि चालू प्रवेशात पडद्यामागच्या माणसाने आवाज करायचा नाही, हे तर त्यांच्या रक्तात होतं. काकू डावीकडे वळल्या. पाऊल विटेवर पडलं.

काकांनी मांडवाच्या टेकूला लाथ मारली.

वेल, बांबू, तारा आणि सगळी फुलं धाडकन त्यांच्याच अंगावर आली. काकू जागच्या जागी थांबल्या. ग्लास किणकिणले, पण सांडलं काही नाही.

“काय पाडलंत आता?”

“काही नाही गं,” वेलाखालून आवाज आला. “देखावा बदलतोय.”

मुलगी धावली, ती वडिलांकडे नाही. तिने खुर्ची दोन्ही हातांनी अलगद उचलली, जराही आवाज न होऊ देता, आणि भिंतीशी नेऊन ठेवली. मग वडिलांकडे पाहिलं. काकांच्या डोक्यावर एक जांभळं साटीनचं फूल होतं.

“चल आई,” ती म्हणाली, “वाट मोकळी आहे.”

सरबत झालं, जेवण झालं. सातव्या मजल्याचा विषय निघेना, आणि तो काढायची काकांची छाती होईना. उन्हं उतरल्यावर काकू आत भांडी विसळत असताना मुलगी मागच्या दारात आली. तिने चपला काढल्या, डोळे मिटले आणि खडीवर पाय ठेवला. अडखळत, हात पुढे करून ती वळली, विटांवरून गेली आणि नळाच्या अलीकडे पायपुसण्यावर थांबली.

“बाबा, वळणावर खडी पातळ झालीय. पायाला कळत नाही.”

“मी केव्हाची सांगतेय त्यांना,” आतून काकू म्हणाल्या.

काकांनी घमेलं उचललं आणि वळणावर खडी ओतली, हाताने सारखी केली. मुलीने अजून डोळे उघडले नव्हते. खडीचा आवाज थांबला, तशी ती मागे वळली आणि पुन्हा दाराकडे चालू लागली.